खानदेशच्या उन्हाचा जमाखर्च

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ मध्ये महानिर्मितीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौरऊर्जा प्रकल्प कार्यान्वित झाला. ज्या उन्हाने खानदेशी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या होरपळून काढले, तेच ऊन उत्पन्नाचे साधन होऊ शकते, हे त्यामुळे सर्वसामान्यांच्या प्रथमच ध्यानी आले. या प्रकल्पाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु त्याच साक्री तालुक्यात, त्याच उन्हावर चालणारा दुसरा एक कारखाना युगानुयुगे सुरू आहे. त्याला उद्‌घाटन लागत नाही, आयात केलेली सामग्री लागत नाही आणि त्याच्या उत्पादनावाचून माणसाचा एक दिवसही निभत नाही. तो कारखाना म्हणजे हिरवे पान.

सौर पट्टिकेची क्षमता किती, ती किती टक्के प्रकाशाचे विजेत रूपांतर करते, हे आज शाळकरी मुलगाही विचारतो. मात्र ज्वारीचे पान किती प्रकाश पकडते, केळीचे पान भर दुपारी काय करते, हा प्रश्न ना आपल्या बाजार समितीत विचारला जातो, ना पीककर्जाच्या अर्जावर. खानदेशात प्रकाशाची टंचाई कधीच नव्हती. टंचाई आहे ती प्रकाश झेलणाऱ्या पानांची आणि त्या पानांना कामावर ठेवणाऱ्या पाण्याची. पिकांची निवड करताना हे गणित आपण मांडत नाही आणि त्याची किंमत आपल्या विहिरी मोजत आहेत.

पानातील कारखाना

प्रकाशसंश्लेषण हा शब्द सातवी-आठवीच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेला असतो. कर्बवायू आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशात शर्करा तयार होते व प्राणवायू बाहेर पडतो, एवढे समीकरण पाठ करून विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. प्रत्यक्षात या एका ओळीत दोन निराळ्या प्रक्रिया दडलेल्या आहेत आणि त्या समजल्यावाचून शेतीचे गणित समजत नाही.

पहिली प्रक्रिया प्रकाशाची. पानातील हरितलवकांमध्ये हरितद्रव्याचे असंख्य रेणू रचून ठेवलेले असतात. ते मुख्यतः तांबडा आणि निळा प्रकाश शोषतात. हिरवा प्रकाश त्या मानाने कमी शोषला जातो आणि परावर्तित होतो, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. शोषलेली ऊर्जा एका रेणूकडून दुसऱ्याकडे, पाणी वाहणाऱ्या माणसांच्या रांगेतून घागर पुढे सरकावी तशी, एका केंद्रापर्यंत पोहोचते. तेथे त्या ऊर्जेच्या बळावर पाण्याचा रेणू फोडला जातो. आपण श्वासावाटे घेतो तो प्राणवायू या फुटलेल्या पाण्यातूनच येतो, कर्बवायूतून नव्हे. रुबेन आणि कामेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये प्राणवायूच्या जड समस्थानिकाचा वापर करून हे दाखवून दिले. पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन पुढे दोन प्रकारचे ऊर्जावाहक रेणू तयार करतात. त्यांना एटीपी आणि एनएडीपीएच म्हणतात. प्रकाशाची ऊर्जा येथे प्रथमच रासायनिक रूपात बंदिस्त होते.

दुसरी प्रक्रिया शर्करेची. हे ऊर्जावाहक रेणू वापरून पान हवेतील कर्बवायूची साखळी जोडते आणि त्यातून शर्करा, पिष्ट, तंतू, तेल असे सारे काही घडते. या साखळीचा मार्ग शोधून काढल्याबद्दल मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कापसाचा धागा, केळीतील गोडवा, शेंगदाण्याचे तेल, कडब्याची पेंढी ही सारी याच दोन पायऱ्या चढून आलेल्या उन्हाची रूपे आहेत.

या कारखान्याची कार्यक्षमता किती? केवळ टक्केवारी पाहिली तर पान सौर पट्टिकेपुढे फिके पडते. पट्टिका पंधरा-वीस टक्के प्रकाशाची वीज करते. पानाची सैद्धांतिक मर्यादाच पिकाच्या प्रकारानुसार साडेचार ते सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि प्रत्यक्ष शेतात वर्षभराचा हिशोब केला तर बहुतेक पिके एक टक्काही गाठत नाहीत. परंतु पट्टिका स्वतःला घडवत नाही, स्वतःची दुरुस्ती करत नाही आणि तिची वीज ताटात वाढता येत नाही. पान हे सारे करते. म्हणूनच ते एक टक्क्यावरून पाऊण टक्क्यावर येते की सव्वा टक्क्यावर जाते, यावर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते.

भर दुपारचा पेच

ऊन जेवढे जास्त तेवढे अन्न जास्त, असे कोणालाही वाटेल. येथेच निसर्गाचे गणित वेगळे आहे. पानाच्या पृष्ठभागावर, विशेषतः खालच्या बाजूस, सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. कर्बवायू आत येतो तो याच दारातून आणि पाण्याची वाफ बाहेर जाते तीही याच दारातून. दार उघडे ठेवावे तर पाणी जाते, बंद करावे तर अन्न थांबते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास पोहोचतो, त्या वेळी बहुतेक झाडे दार लोटून घेतात. डोक्यावर सूर्य तळपत असतो आणि कारखाना जवळपास बंद असतो. केळीच्या पानाचे दोन्ही भाग अशा वेळी मधल्या शिरेपासून खाली मिटलेले दिसतात. उन्हाशी भिडणारा पृष्ठभाग कमी करून पाणी वाचवण्याची ती केळीची धडपड असते.

याखेरीज आणखी दोन अडचणी आहेत. गहू, हरभरा, कापूस, केळी, भुईमूग यांसारख्या पिकांचे एकेक पान पूर्ण उन्हाचा सारा प्रकाश वापरूच शकत नाही. साधारण अर्ध्या उन्हातच त्याची कमाल गाठली जाते आणि उरलेली ऊर्जा त्याला उष्णतेच्या रूपाने टाकून द्यावी लागते. दुसरी अडचण कर्बवायू पकडणाऱ्या विकराची. रुबिस्को नावाचा हा विकर कर्बवायूऐवजी कधी कधी प्राणवायूच पकडतो आणि मग झालेले काम निस्तरण्यात पानाची मिळकत खर्ची पडते. तापमान वाढते तशी ही चूकही वाढते. उष्ण दिवशी अशा पिकांच्या कमाईचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक या एका गळतीत जातो.

दादर आणि बाजरीची युक्ती

या पेचातून काही वनस्पतींनी वाट काढली आहे. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानांत कर्बवायू प्रथम एका वेगळ्या विकराने पकडला जातो. हा विकर प्राणवायूला फसत नाही. त्याने पकडलेला कर्बवायू शिरांभोवतीच्या पेशींमध्ये नेऊन कोंडला जातो आणि तेथे रुबिस्कोच्या पुढ्यात त्याची एवढी दाटी होते की चूक होण्यास वावच राहत नाही. या मार्गात पहिले संयुग चार कार्बन अणूंचे बनते, म्हणून या वनस्पतींना सी-४ म्हणतात. गहू-कापसाच्या मार्गात ते तीन अणूंचे असते, म्हणून त्या सी-३. हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात उसावर प्रयोग करून १९६६ मध्ये हा मार्ग स्पष्ट केला.

या युक्तीचा व्यवहारातील लाभ दुहेरी आहे. सी-४ पीक कडक ऊन पूर्णपणे वापरू शकते आणि दार थोडेसेच उघडे ठेवूनही त्याचे काम भागते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडोच्या कोरड्या मैदानात पिकांच्या पाणीखर्चाची मोजणी झाली. एक किलो शुष्क पदार्थ घडवण्यास ज्वारी-बाजरीच्या वर्गाला सुमारे तीनशे लिटर पाणी लागले, तर गहू आणि कापूस यांना पाचशे लिटर व त्याहूनही अधिक. हवामानानुसार हे आकडे बदलतात, परंतु दोहोंतील अंतर कायम राहते.

आता आपल्या आजोबांची पीकरचना आठवून पाहा. हलक्या जमिनीत पावसाळी बाजरी. तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत, पाऊस ओसरल्यावर केवळ मुरलेल्या ओलीवर येणारी दादर. ज्वारीच्या ओळींसोबत मूग, उडीद, तूर. थंडीत हरभरा आणि जेथे पाणी असेल तेथे गहू, कारण थंडीत सी-३ पिकांची गळती कमी असते. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र येतात. म्हणजे उन्हाला न डगमगणारे पान आणि जमिनीला नत्र देणारे मूळ, दोन्ही एका तव्यावर येतात. रुबिस्कोचे नाव त्या पिढीला ठाऊक नव्हते. पण कोणते पान कोणत्या ऋतूत आणि कोणत्या मातीत तग धरते, याचे निरीक्षण तिने पिढ्यान्‌पिढ्या केले होते.

जगदीशचंद्रांचे जलपर्ण

या संदर्भात एका भारतीय शास्त्रज्ञाचे स्मरण अगत्याचे आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांचा प्रकाशसंश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात संशोधन मंदिर स्थापले होते. हायड्रिला या पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीवर त्यांनी प्रयोग केले आणि बाहेर पडणाऱ्या प्राणवायूची आपोआप नोंद घेणारे उपकरणही बनवले. उन्हाळ्यातील हायड्रिला हिवाळ्यातील हायड्रिलाहून वेगळी वागते, तिच्यात सेंद्रिय आम्लाचा कर्बवायूशी संबंध दिसतो, हे त्यांनी टिपले. तिकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. उष्णता वाढली आणि पाण्यातील कर्बवायू कमी झाला की हायड्रिला सी-४ प्रकारचा मार्ग स्वीकारते, हे अनेक दशकांनंतर सिद्ध झाले.

यावरून सी-४ मार्गाचा शोध बोस यांनीच लावला, असा दावा करणे उचित नाही. तशा दाव्याने त्यांचा गौरव वाढत नाही. त्यांचे मोठेपण याहून वेगळे आहे. या देशातील ऊन आणि या देशातील पाणवनस्पती यांच्याकडे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि थंड प्रदेशातील पुस्तकात नसलेली गोष्ट दिसली तेव्हा ती दुर्लक्षिली नाही. खानदेशच्या शेतीला आज हीच दृष्टी हवी आहे.

केळीच्या घडाचा हिशोब

केळी ही जळगावची ओळख आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांचे अर्थकारण तिच्यावर उभे आहे आणि जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या शेतकऱ्याने मृगबाग आणि कांदेबाग सांभाळून मुलांना शिकवले, त्याला केळी सोडा असे सांगण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणालाही नाही. मात्र केळीच्या पानाचे वास्तव समजून घेण्यास हरकत नसावी.

केळी हे सी-३ पीक आहे. तिचे पान विशाल असल्याने पाण्याचा खर्चही मोठा. निसवण झाली की झाडाला नवे पान येत नाही. तोवर असलेली दहा-बारा निरोगी पानेच संपूर्ण घड भरतात. मग करप्याने त्यातली चार पाने गेली किंवा वैशाखाच्या वाऱ्याने ती फाटून चिंध्या झाल्या, तर खताच्या किती गोण्या ओतल्या तरी घडाचे वजन भरून निघत नाही. बागेभोवती शेवरीची किंवा गजराज गवताची दाट कड लावणारा शेतकरी एका अर्थाने आपल्या कारखान्याला भिंत घालत असतो.

ठिबक सिंचनात जळगावने देशाला दिशा दाखवली, हे अभिमानास्पद आहे. पण ठिबकची मर्यादाही जाणली पाहिजे. ठिबक जमिनीवरून उडून जाणारे आणि पाटात मुरणारे पाणी वाचवते. पानाच्या दारातून जाणारे पाणी ते वाचवू शकत नाही, कारण ते पाणी म्हणजे पानाने कर्बवायूसाठी मोजलेली किंमत असते. वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी दोन एकर बाग लावली, तर भूगर्भातून होणारा उपसा कमी होत नाही. ठिबक घरोघरी पोहोचल्यानंतरही रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत राहिले, याचे कारण येथे शोधले पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरवण्यासाठी तापी महापुनर्भरण योजनेचा महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. ती योजना पूर्ण व्हावी, हीच इच्छा. परंतु कोठारात भर पडली म्हणून खर्चाचा हिशोब सोडून देणारे घर कधी सावरत नाही.

पाणी आणि पान सर्वांचे

पाण्यानुसार पीक ठरवण्याची शिस्त खानदेशला नवी नाही. पांझरा आणि मोसम नद्यांच्या खोऱ्यांत शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धती हे तिचे उदाहरण. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पिकांची पाळी फडाफडांतून फिरवायची आणि नदीत पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारे फडच कमी करायचे, अशी ती रचना. पाटकरी, हवालदार, जागल्या हे तिचे सेवक गावानेच नेमलेले. माझी विहीर, माझे पाणी, माझे पीक असा एकलकोंडा विचार त्यात नव्हता.

साक्री तालुक्यातीलच बारीपाड्याने हीच सामूहिक शिस्त जंगलाच्या बाबतीत दाखवली. उघड्या पडलेल्या डोंगरामुळे गावाच्या विहिरी आटत असत. १९९०च्या दशकाच्या आरंभी वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्यास दंड ठरवला आणि शेकडो हेक्टर जंगल राखले. पाने परतली, पानांखाली पालापाचोळ्याचा थर साचला, पावसाचे पाणी मुरू लागले आणि विहिरींना पाणी आले. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. पान केवळ पाणी खर्च करत नाही, ते पाणी राखतेही, हा बारीपाड्याचा धडा आहे.

या धड्याला शास्त्राचाही आधार आहे. फाल्गुनापासून मृगापर्यंत खानदेशात सर्वाधिक ऊन असते आणि नेमकी याच काळात बहुतेक शेते उघडी असतात. तेव्हा पाणी देऊन पीक घेणे परवडणारे नाही. परंतु कडुनिंब आणि पळस याच काळात नव्या पालवीने भरतात, कारण त्यांची मुळे खोलवरची ओल गाठतात. उन्हाळ्यातील ऊन झेलून त्याचे रूपांतर करणारे आपल्याकडचे खरे पान बांधावरच्या झाडाचे. बांध कोरून, रस्ते रुंद करून आपण तेच पान कमी करत आलो आहोत.

आखाजीचा संकल्प

मग करावे काय? पहिली गोष्ट बाजाराची. ज्वारी-बाजरीला पौष्टिक तृणधान्य म्हणून गौरवण्यासाठी २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले. गौरवाने शेतकऱ्याचे पोट भरत नाही. दादर पिकवणाऱ्याला गावाजवळ खात्रीची खरेदी आणि कडब्यासह परवडेल असा भाव मिळाला, तरच ती शेतात टिकेल. खानदेशात मक्याचा पेरा वाढला तो भाषणांमुळे नव्हे, गिऱ्हाईक मिळाल्यामुळे. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांना येथे थेट कर्तव्य आहे. आठवड्यातून चार दिवस घरात भाकरी झाली, तर तेही एका शेताला दिलेले पाठबळ आहे.

दुसरी गोष्ट सी-४ या नावाच्या मोहात न पडण्याची. ऊसही सी-४ आहे, पण तो वर्षभर शेतात उभा राहून पाणी पितो. पान काटकसरी असले तरी बारा महिने उघडे राहिलेले दार विहीर रिकामी करतेच. म्हणून पीक, ऋतू, माती आणि पाणी या चारही गोष्टी एकत्र तोलल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट पऱ्हाटी आणि पाचट जाळण्याची. पानाने सहा महिने राबून जे ऊन साठवले, ते आपण एका सायंकाळी धुरात घालवतो. तेच बारीक करून जमिनीत गेले, तर ओल टिकते आणि पुढच्या पिकाच्या पानाचे दार अधिक काळ उघडे राहते.

चौथी गोष्ट शाळांची. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण पाठ करून घेण्याऐवजी शिक्षकांनी मुलांना एकदा वैशाखातील दुपारी बांधावर न्यावे. केळीचे मिटलेले पान आणि कडुनिंबाची कोवळी पालवी शेजारी शेजारी दाखवावी आणि फरक का पडतो, हे त्यांनाच शोधू द्यावे. शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या शेतातले विज्ञान परके वाटते, तोवर शेती सोडून जाण्याची त्याची घाई थांबणार नाही.

खानदेशात आखाजीला शेतीचे वर्ष बदलते. सालदार ठरतात, जुने हिशोब मिटतात, नव्या हंगामाचे बेत होतात. त्या दिवशी घरोघरी देण्याघेण्याची वही उघडली जातेच. तीत यापुढे आणखी एक पान असावे. आपल्या शेतावर वर्षभरात किती दिवस हिरवे पान होते, ते कोणत्या पिकाचे होते आणि त्यासाठी विहिरीतून किती पाणी गेले, एवढ्या तीन नोंदी पुरेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाताशी आल्या, की पुढच्या हंगामात दादर किती आणि बाग किती, हे सांगायला बाहेरचा तज्ज्ञ लागणार नाही.